ब्रेक तर लागतात, मग दिवा का पेटलाय?

डॅशबोर्डवरच्या सगळ्या दिव्यांना आपण सारखा मान देत नाही. पेट्रोलचा दिवा पेटला की पुढचा पंप किती लांब आहे याची चौकशी सुरू होते. ऑइलचा किंवा इंजिन तापल्याचा लाल दिवा दिसला की गाडी मुकाट्याने कडेला लागते, कारण इंजिन खोलायची वेळ आली तर खर्च कुठवर जातो हे गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. पण वर्तुळात ‘एबीएस’ अशी तीन रोमन अक्षरं असलेला पिवळा दिवा पेटला, तर तो तसाच पेटता ठेवून माणसं महिनोन्‌महिने गाडी चालवतात. पुढच्या सर्व्हिसिंगला बघू म्हणतात आणि सर्व्हिसिंगच्या दिवशी सांगायचं विसरतात. यामागचा तर्क वरकरणी बिनतोड आहे. ब्रेक दाबला की गाडी थांबते, पेडल नेहमीसारखंच लागतं, आवाज नाही, वास नाही, गाडी एका बाजूला ओढत नाही. तेव्हा दिव्याचंच काहीतरी बिनसलं असणार. माझं म्हणणं असं, की या दिव्याच्या बाबतीत ‘ब्रेक तर लागतात’ हा पुरावा मुळात ग्राह्यच धरता येत नाही. दिवा ज्या यंत्रणेबद्दल सांगतोय ती रोजच्या ब्रेक मारण्यात कामाला येतच नाही. मग रोजच्या अनुभवावरून तिची परीक्षा कशी होणार? तिच्याबद्दल साक्ष देणारा गाडीत दुसरा कोणी नाही.

ती यंत्रणा काय करते ते आधी पाहू. ब्रेक फक्त चाक थांबवतो. गाडी थांबवायचं काम टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीचं. ही पकड सगळ्यात जास्त असते ती चाक फिरत असताना, पण गाडीच्या वेगाच्या मानाने साधारण दहा ते वीस टक्के हळू फिरत असताना. ब्रेक त्याहून जास्त दाबला की चाक जाम होतं, टायर डांबरावर घासत जातो आणि पकड घटते. कोरड्या रस्त्यावर ही घट थोडी, ओल्या रस्त्यावर चांगलीच. त्याहून मोठं नुकसान वेगळं आहे: जाम झालेल्या पुढच्या चाकांनी गाडी वळवता येत नाही. स्टिअरिंग पार डावीकडे फिरवलं तरी गाडी नाकासमोर जात राहते, कारण बाजूला वळायला लागणारी पकड फिरणाऱ्या टायरलाच मिळते. शेजारची लेन रिकामी असताना एखादी गाडी समोरच्या ट्रकवर सरळ जाऊन आदळते, तेव्हा चालकाने स्टिअरिंग फिरवलंच नव्हतं असं नसतं. चाक जाम होऊ न देणं, म्हणजे करकचून ब्रेक मारलेला असतानाही गाडी वळवता येईल असं बघणं, हे एबीएसचं पहिलं काम. थांबण्याचं अंतर कमी होणं हा बहुतेक रस्त्यांवर मिळणारा वरचा फायदा. भुसभुशीत वाळूवर किंवा खडीवर तर ते अंतर थोडं वाढूही शकतं. विमानांच्या चाकांसाठी डनलॉपने १९५०च्या दशकात अशी यांत्रिक रचना केली होती आणि १९६६ साली ती जेन्सन एफएफ या ब्रिटिश मोटारीत आली. आजची इलेक्ट्रॉनिक पद्धत बॉशची. १९७८ मध्ये ती मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये विकत मिळू लागली आणि दहा वर्षांनी बीएमडब्ल्यूच्या मोटरसायकलीवर आली. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना आणि १२५ सीसीहून मोठ्या इंजिनाच्या नव्या दुचाकींना ती सक्तीची आहे. म्हणजे चाळीस वर्षं श्रीमंतांच्या गाडीत असलेला हा दिवा आता रिक्षा-स्टँडशेजारी उभ्या असलेल्या साध्या मोटरसायकलीच्या मीटरमध्येही आहे, पण त्याची ओळख मात्र विक्रेत्याने गाडी देताना दोन मिनिटांत करून दिलेली.

चाक जाम व्हायला निघालंय हे गाडीला कळतं कसं, ते जवळून पाहण्यासारखं आहे, कारण दिवा पेटण्याची बहुतेक कारणं तिथेच दडलेली असतात. चाकाच्या हबवर किंवा ड्राइव्ह शाफ्टवर एक दातेरी कडं असतं आणि त्याच्यापासून जेमतेम एक मिलिमीटर अंतरावर बोटाच्या पेराएवढा सेन्सर. दाता सेन्सरसमोरून गेला की एक विद्युत ठोका उमटतो. छोट्या हॅचबॅकच्या टायरचा घेर सुमारे १.८ मीटर धरा. ताशी ६० किलोमीटर वेगाला ते चाक सेकंदाला नऊ फेऱ्यांहून थोडं जास्तच फिरतं. कड्याला ४८ दाते असतील तर संगणकाला त्या एका चाकाकडून सेकंदाला सुमारे ४४० ठोके मिळतात. चारही चाकांचे ठोके तो शेजारीशेजारी ठेवून पाहत असतो. एका चाकाचे ठोके एकदम विरळ झाले, की त्या चाकाच्या नळीतला ब्रेक ऑइलचा दाब व्हॉल्व्ह आधी धरून ठेवतो, मग थोडा सोडतो, चाक सुटलं की पुन्हा वाढू देतो. आणि हे चक्र एका सेकंदात दहा-पंधरा वेळा होऊ शकतं. पायाखाली पेडल थरथरतं आणि बॉनेटखालून कटकट ऐकू येते ती याचीच. पहिल्यांदाच हे अनुभवणारे पुष्कळ जण काहीतरी मोडलं समजून पाय उचलतात, आणि नेमक्या हव्या त्या क्षणी ब्रेक सुटतो. पाय तसाच दाबून ठेवायचा असतो, हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्वचितच कोणी सांगतं.

आता दिव्याकडे. चावी फिरवली की तो पेटतो, आणि मोटारीत दोन-चार सेकंदांत विझतो. तेवढ्या वेळात संगणक सेन्सरच्या वायरिंगमधून, व्हॉल्व्हच्या गुंडाळ्यांमधून थोडा प्रवाह सोडून सगळं जोडलेलं आहे का ते तपासतो. गाडी हलली की चाकांचे ठोके येऊ लागले का तेही बघतो. कुठेही शंका आली की दिवा पेटवून एबीएस स्वतःला बाजूला करतं. हे बाजूला होणं मुद्दाम ठरवलेलं आहे. चुकीच्या ठोक्यांवर विसंबून एबीएसने भलत्याच वेळी ब्रेकचा दाब सोडला, तर ते एबीएस नसण्यापेक्षा कितीतरी घातक ठरेल. म्हणून शंका येताच माघार घ्यायची आणि पेडलपासून चाकापर्यंतचा साधा हायड्रॉलिक ब्रेक जसाच्या तसा मोकळा ठेवायचा, असा इंजिनिअरांचा निर्णय. निर्णय शहाणपणाचा आहे, पण त्याचीच परिणती अशी झाली की बिघाड चालकाला जाणवतच नाही. सिग्नलला थांबताना, गल्लीत वळताना, गतिरोधकावर वेग कमी करताना आपण टायरच्या पकडीचा छोटासा हिस्साच वापरतो. चाक जाम होण्याच्या जवळपासही आपण जात नाही. शहरात वर्षभर गाडी चालवूनही ज्यांचं एबीएस एकदाही जागं झालेलं नाही असे चालक पुष्कळ असतील. इन्व्हर्टरची बॅटरी मेलेली आहे हे वीज असेपर्यंत घरात कोणाला कळत नाही, तसंच हे. फरक इतकाच की वीज गेल्यावर मेणबत्ती शोधायला वेळ असतो.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, पूर्वी कुठे होतं एबीएस? अँबेसेडर, पद्मिनी, मारुती ८०० त्याच्याशिवाय आयुष्यभर चालल्या. दिवा पेटला म्हणजे फार तर आपली नवी गाडी जुन्या गाडीसारखी झाली, एवढंच ना? आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. दिवा पेटला म्हणून गाडी तिथेच सोडून रिक्षा करायची गरज नसते, हे त्यातलं खरं. पण गाडी ‘जुन्यासारखी’ होते हे मात्र खरं नाही, आणि त्याचं कारण फारसं कोणी सांगत नाही. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे झुकतो आणि मागची चाकं हलकी होतात. त्यांनाही पुढच्याइतकाच जोर दिला तर ती आधी जाम होतील, आणि मागची चाकं आधी जाम झाली की गाडी मागून फिरते, कधीकधी पूर्ण भोवरा होते. हे टाळण्यासाठी जुन्या मोटारींत मागच्या ब्रेककडे जाणारा दाब आवरणारा एक साधा यांत्रिक व्हॉल्व्ह असे. व्हॅन किंवा जीपसारख्या भार वाहणाऱ्या गाड्यांत तो मागच्या ॲक्सलला दांड्याने जोडलेला असे, म्हणजे मागे ओझं किती आहे ते बघून तो दाब ठरवी. आजच्या पुष्कळ गाड्यांत हा व्हॉल्व्ह काढून टाकलेला आहे. त्याचं काम ईबीडी करते, आणि ईबीडी म्हणजे एबीएसचेच सेन्सर, एबीएसचेच व्हॉल्व्ह आणि वर थोडं सॉफ्टवेअर. जुन्या गाडीत जी सोय लोखंडाची होती ती नव्या गाडीत संगणकाच्या हवाली केलेली आहे. संगणक बाजूला झाला तर मागे उरते ती जुनी गाडी नव्हे, तिच्यातला एक भाग काढून घेतलेली गाडी.

इथे एक बारकावा सांगितला पाहिजे, नाहीतर उगाच घबराट होईल. एखादाच सेन्सर गेला असेल तर बहुतेक गाड्यांत एबीएस बंद होतं, पण ईबीडी उरलेल्या सेन्सरांवर काम भागवते. अशा वेळी पिवळा दिवा एकटा पेटतो. बिघाड मोठा असेल, संगणक किंवा त्याचा वीजपुरवठाच गेला असेल, तर ईबीडीही जाते आणि पिवळ्याच्या जोडीला लाल ब्रेकचा दिवा पेटतो. हाच लाल दिवा हँडब्रेक ओढलेला राहिला किंवा ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली तरी पेटतो. म्हणून दोन्ही दिवे एकदम दिसले तर आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का पाहावं, मग बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या बाटलीवरच्या दोन खुणांमध्ये पातळी आहे का पाहावं. पातळी ठीक आणि हँडब्रेक सुटलेला, तरी दोन्ही दिवे पेटलेले, तर ईबीडी गेली असं समजून गाडी सावकाश जवळच्या गॅरेजला न्यावी. घाट उतरायचा असेल तर नेऊच नये, उचलून न्यावी. पातळी खाली गेली असेल आणि पेडल मऊ लागत असेल किंवा खोल जात असेल, तर प्रश्न एबीएसचा राहिलेलाच नाही. कुठूनतरी ऑइल गळतंय. वरून बाटली ओतून दिवा विझवणं हा तेव्हा सगळ्यात वाईट उपाय. नव्या गाड्यांत आणखी एक गोंधळ होतो: घसरण रोखणारी ईएससी, ट्रॅक्शन कंट्रोल, चढावर गाडी धरून ठेवणारी सोय, हे सगळे एबीएसच्याच सेन्सरांवर जगतात. त्यामुळे एका चाकाचा सेन्सर गेला तरी डॅशबोर्डवर तीन-चार दिवे एकदम पेटतात आणि गाडीचं सगळंच गेलं असं वाटतं. मूळ बिघाड बहुधा एकच असतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण तो अभ्यासांवर उभा आहे: एबीएसने अपघात कमी होतात हे तरी कुठे सिद्ध झालंय? १९८०च्या दशकात जर्मनीत म्युनिकच्या टॅक्सींवर एक प्रसिद्ध पाहणी झाली. एकाच कंपनीच्या काही टॅक्सींना एबीएस होतं, काहींना नव्हतं. बाकी गाड्या सारख्या. अपघातांच्या संख्येत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. प्रवासी म्हणून बसलेल्या निरीक्षकांनी नोंदवलं की एबीएस असलेल्या टॅक्सीचे चालक जास्त तीव्र वळणं घेत होते, लेन कमी सांभाळत होते. मिळालेली सुरक्षितता त्यांनी वेगात आणि बेफिकिरीत खर्च करून टाकली होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००९ मध्ये दीर्घकाळाच्या आकडेवारीवरून काढलेला निष्कर्षही संमिश्र आहे: एबीएसमुळे मोटारींचे एकूण अपघात सुमारे ६ टक्क्यांनी आणि व्हॅन-पिकअपसारख्या गाड्यांचे ८ टक्क्यांनी घटले, पण प्राणघातक अपघातांवर निव्वळ परिणाम जवळपास शून्य. मग एवढ्या दिव्याची काळजी कशाला, असा प्रश्न कोणी केला तर तो रास्तच आहे. पण म्युनिकच्या टॅक्सींचा पुरावा नीट वाचला तर तो दिवा पेटता ठेवणाऱ्यांच्या विरोधात जातो. एबीएस असलेली गाडी हाती आली की माणूस त्या भरवशावर आपली सवय बदलतो, पुढच्या गाडीच्या जास्त जवळ जातो, ओल्या वळणावर कमी बिचकतो. दिवा पेटला म्हणून ती सवय त्या दिवशी संध्याकाळी जात नाही. यंत्रणा गेलेली आणि तिच्या भरवशावर लागलेली सवय शिल्लक, ही जोडी ना जुन्या चालकाच्या नशिबी होती, ना नव्या गाडीत अभिप्रेत आहे. जुना चालक ब्रेक टप्प्याटप्प्याने मारायला, चाक घासल्याचा आवाज आला की पाय सैल करायला शिकला होता. २०१९ नंतर गाडी शिकलेल्याने तो आवाज कदाचित ऐकलेलाही नसेल.

दुचाकीच्या बाबतीत तर आकडेवारी संदिग्धही नाही. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने त्याच मॉडेलच्या एबीएसवाल्या आणि बिनएबीएसच्या मोटरसायकली ताडून पाहिल्या, तेव्हा एबीएस असलेल्यांचा प्राणघातक अपघातांचा दर सुमारे २२ टक्क्यांनी कमी निघाला. कारण उघड आहे: मोटार जाम झालेल्या चाकांवर फरफटत का होईना उभी राहते, मोटरसायकलीचं पुढचं चाक जाम झालं की चालक आडवाच होतो. आपल्या नियमाने फक्त पुढच्या चाकाला एबीएस दिलं तरी चालतं, आणि स्वस्त मॉडेलांत तसंच असतं. म्हणजे तिथे मागचं चाक दिवा विझलेला असतानाही जाम होऊ शकतं, हे लक्षात ठेवलेलं बरं. दुचाकीचा दिवा वागतोही वेगळा. चावी फिरवल्यावर तो पेटलेलाच राहतो आणि गाडी ताशी पाच-दहा किलोमीटरच्या पुढे गेली की विझतो, कारण चाक फिरल्याशिवाय सेन्सरची खात्री पटत नाही. उभ्या गाडीवर दिवा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. चौकाच्या पुढे गेल्यावरही राहिला तर आहे. आणखी एक गंमत: डबल स्टँडवर गाडी लावून गिअरमध्ये मागचं चाक फिरवलं, चेनला तेल घालताना बरेच जण फिरवतात, तर थोड्या वेळाने दिवा पेटू शकतो. पुढचं चाक स्थिर आणि मागचं गरगर फिरतंय, हे संगणकाला अशक्य वाटतं. चावी बंद करून थोडं अंतर चालवलं की तो बहुधा आपोआप जातो. पंक्चर काढून घेतल्यावर पेटलेला दिवा मात्र तसा जात नाही. चाक काढता-घालताना दातेरी कडं वाकलेलं असतं, सेन्सरची वायर ताणलेली असते किंवा सेन्सरचा स्क्रू नीट बसलेला नसतो. आणि ज्याने चाक काढलं त्याच्याकडेच ते आधी दाखवावं.

मोटारीतही बहुतेक वेळा दोष असाच फुटकळ असतो. पावसाळ्यात चिखल, त्यात ब्रेक पॅडची लोखंडी भुकटी. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये लोहचुंबक असल्याने ती भुकटी त्याच्या टोकाला चिकटून बसते आणि ठोके मंदावतात. कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेने हबला गंज चढतो, गंजाचा पापुद्रा सेन्सरला किंचित वर उचलतो, आणि त्या एक मिलिमीटरचं दीड-दोन मिलिमीटर झालं की पुरतं. याचं एक लक्षण दिवा पेटण्याआधीच दिसतं: अगदी थांबता-थांबता, ताशी दहाच्या आत, सुक्या रस्त्यावर एबीएस विनाकारण खडखडतं. चाकाचे ठोके आधीच अशक्त आणि वेग कमी झाल्यावर आणखी अशक्त, त्यामुळे संगणकाला चाक जाम झाल्याचा भास होतो. उंदरांनी कुरतडलेली वायर हे आपल्याकडचं नेहमीचं कारण. बॅटरी उतरलेली असणं हे दुसरं; व्होल्टेज पडलं की एबीएस आधी माघार घेतं. नव्या गाड्यांत दातेरी कड्याऐवजी चाकाच्या बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी बसवलेली असते, डोळ्यांना न दिसणारी. बेअरिंग बदलताना ते उलट बसवलं तर ती पट्टी सेन्सरपासून दुसऱ्या बाजूला जाते. बेअरिंग उत्तम फिरतं, आवाज गेलेला असतो, आणि गॅरेजमधून बाहेर पडल्यावर पहिल्याच वळणावर दिवा पेटतो.

म्हणूनच ‘एबीएस युनिट बदलावं लागेल’ हे निदान स्कॅनर लावण्याआधी कोणी केलं तर सावध व्हावं. सेन्सर साफ करण्याचा, सेन्सर बदलण्याचा आणि युनिट बदलण्याचा खर्च यांत कित्येक पटींचा फरक असतो. बाजारात मिळणारे स्वस्त कोड रीडर बहुधा फक्त इंजिनाचे कोड वाचतात आणि एबीएसबद्दल ‘दोष नाही’ असं बिनधास्त सांगतात. एबीएसचे कोड वाचणारा स्कॅनर वेगळा. कोडही काय सांगतो तर ‘डाव्या पुढच्या चाकाच्या सर्किटमध्ये दोष’. सर्किटमध्ये सेन्सर आहे, वायर आहे, सॉकेट आहे, कडं आहे, बेअरिंगचा खुळखुळा आहे. चांगला मेकॅनिक गाडी संथ चालवून स्कॅनरवर चारही चाकांचे वेग एकाच वेळी बघतो. तीन आकडे बरोबर चालतात आणि चौथा मध्येच शून्यावर आपटतो, तिथे हात घालायचा. हे करायला वीस मिनिटं लागतात. सेन्सरच गेलाय, ब्रेक तर चांगले आहेत, मग घाई कशाला, असं म्हणणाऱ्याला उत्तर हेच, की दोष जितका फुटकळ तितकं ते काम लांबवण्याचं कारण कमी.

दुरुस्ती होईपर्यंत चालवायचं कसं? पुढच्या गाडीपासूनचं अंतर दुप्पट करावं आणि ओल्या रस्त्यावर वेग मुद्दाम उतरवावा. ताशी ६० ला गाडी सेकंदात १६-१७ मीटर जाते, हा आकडा डोक्यात असला की अंतर आपोआप राखलं जातं. अचानक थांबायची वेळ आली तर ब्रेक एकदम न आदळता झपाट्याने वाढवत न्यायचा. चाक घासतंय असं वाटलं, गाडी वळेनाशी झाली, तर पाय किंचित सैल करून लगेच पुन्हा दाबायचा. सोपं नाही, घाबरलेल्या पायाला तर नाहीच. संगणक हे सेकंदाला दहा-पंधरा वेळा करतो, माणूस फार तर दोन-तीनदा.

राहता राहिली सक्तीची बाब. ब्रिटनमध्ये गाडीच्या वार्षिक एमओटी तपासणीत हा दिवा पेटलेला राहिला तर गाडी नापास होते. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची, आणि मधल्या काळात जी तपासणी होते ती पीयूसीची, म्हणजे धुराची; ब्रेककडे तिथे कोणी पाहत नाही. त्यामुळे दिव्याकडे लक्ष देणं सर्वस्वी मालकावर सोडलेलं आहे, आणि मालकाला गाडी विकायची असली की त्याचं लक्ष भलत्याच दिशेने जातं. जुन्या मीटरमधला बल्ब काढून टाकतात, वर काळी पट्टी चिकटवतात, किंवा अधिक हुशार कारागीर एबीएसच्या दिव्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडून देतो, म्हणजे इंजिन सुरू होताच दोन्ही बरोबर विझतात. सेकंडहँड गाडी बघायला गेल्यावर इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवावी. एबीएसचा दिवा पेटला पाहिजे. पेटलाच नाही तर तो पेटता असण्यापेक्षा वाईट. मोटारीत तो काही सेकंदांत, इंजिन बंद असतानाच, आपला आपण विझला पाहिजे. ऑइलचा दिवा तोवर पेटलेलाच राहील, आणि दोघे एकदम विझले तर समजायचं काय ते. मग मालकाच्या परवानगीने मोकळ्या, ओल्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे बघून, ताशी तीसच्या आसपास एकदा करकचून ब्रेक दाबावा. पेडल थरथरलं तर एबीएस जिवंत आहे. चाकं घासत गेली तर गाडीची किंमत त्या हिशेबाने बोलावी.